सुगीतला फेरा

कार्तिक लागला की वडगावच्या बाजूने वारा येतो आणि त्या वाऱ्याला कापलेल्या भाताचा वास असतो. थोडा गोड, थोडा ओलसर, थोडा धुळकट. तळेगावात आम्ही राहतो त्या भाड्याच्या घराला मागच्या अंगाला एक खिडकी आहे. वास आधी तिथून आत येतो आणि मग घरभर होतो. या वासाने लोकांना म्हणे भूक लागते, नव्या तांदळाच्या भाताची आठवण येते. मी मात्र हातातलं काम बाजूला ठेवते आणि घरात कोण कोण आहे ते एकदा बघून येते. मग पुन्हा येऊन बसते. थोड्या वेळाने पुन्हा उठते. शाळेत मी मुलींना निबंध शिकवते, 'सुगीचे दिवस' हा विषय दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुली आनंदीआनंद लिहून आणतात आणि मी त्यांना चांगले गुण देते.

आई आता थकली आहे, पण या दिवसांत तिच्या पायांत कुठून बळ येतं कोण जाणे. आमच्या आळीतली मुलं दिवसभर आमच्याच ओसरीवर पडलेली असतात. आई त्यांना खाऊ घालते, भांडणं सोडवते, नाकं पुसते. दिवेलागणी जवळ आली की मात्र एकेकाला हाताला धरून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन सोडते. "घ्या तुमचं लेकरू," म्हणते, आणि आतून कोणी येऊन हात पुढे करीपर्यंत उंबऱ्याशी उभी राहते. शेजारच्या वहिनी स्वभावाने मोकळ्या. त्या परवा हसून म्हणाल्या, "अहो आजी, झोपलाय तर राहू द्या की तुमच्याकडे. तुमचं आमचं काय वेगळं आहे?"

आईने झोपलेल्या त्या मुलाला खांद्यावरून उतरवून वहिनींच्या कुशीत दिलं आणि ती घरी आली. वहिनींना ते जरा लागलं असावं. कसं समजावून सांगायचं मला सुचेना.

मळवलीला गाडीतून उतरून विसापूरच्या पायथ्याकडे चालत गेलं की ओढ्याच्या पलीकडे ऐक्यवाडी होती. होती म्हणायचं, कारण आता तिथे नुसती जोती उरली आहेत आणि त्यांवर घाणेरी माजली आहे. सात-आठ घरं, मधोमध सामायिक स्वयंपाकघर, त्याच्यापुढे शेणाने सारवलेलं प्रार्थनेचं अंगण, आणि ओढ्याकाठची भातखाचरं. आसपासचे लोक तिला साधूंची वाडी म्हणत. साधू आमच्यात एकही नव्हता. पुण्यातली नोकरी सोडून आलेले दोन-तीन शिक्षक होते, एक छापखान्यातला जुळारी होता, एक कारकून होता आणि या सगळ्यांच्या बायका होत्या. या बायकांना कोणी विचारलं होतं की नव्हतं, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. माझे वडील चित्रकला शिकवायचे. वाडीत आल्यावर त्यांनी कुंचला ठेवला आणि नांगर धरला. नांगर त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

हे सगळं उभं केलं होतं काकांनी; नात्याचे नव्हेत, सगळी वाडीच त्यांना काका म्हणे. वकिली चांगली चालत असताना त्यांनी एके दिवशी काळा कोट खुंटीला टांगला आणि पुन्हा काढला नाही, असं आम्हांला सांगितलं जाई. काका उंच, किडकिडीत, बोलायला अतिशय मऊ. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. आत्मा एकच आहे असं आपण म्हणतो, तर मग तसं जगून दाखवू या, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून आमची चूल एक होती. धुतलेले कपडे एकाच पेटाऱ्यात जात आणि सकाळी अंगाला येईल तो सदरा घालायचा. सगळ्या बायकांना आम्ही आईच म्हणायचो, पुढे नाव लावून. गंगाआई, इंदूआई. माझ्या सख्ख्या आईला मीसुद्धा सरूआई म्हणायचे.

खोटं कशाला बोला, तिथे सुख होतं. एका मांडीवरून रागावून उठलं तर दुसरी मांडी तयार असायची. गंगाआई गोष्टी छान सांगायची, इंदूआईच्या हाताला चव होती, आणि कोणी कोणावर हात उचलत नसे. मी पुढे जगात बरीच माणसं पाहिली. तितकी सज्जन माणसं एका जागी पुन्हा पाहिली नाहीत. म्हणूनच कदाचित माझा राग अजून गेलेला नाही. वाईट माणसाला माणूस लांबून ओळखतं आणि चार हात दूर राहतं. या लोकांपासून दूर कसं राहायचं होतं?

वर्षभर मुलं आपापल्या आईबापांजवळ झोपत. सुगी आली की मात्र फेरा सुरू व्हायचा. त्याचं असं होतं, की कापणीच्या दिवसांत बायका आळीपाळीने शेतात जात. ज्या घरची बाई त्या दिवशी मागे राहील, तिच्याकडे त्या रात्रीपुरती लहान मुलं. दुसऱ्या संध्याकाळी मुलांनी उठायचं आणि पुढच्या घरी जायचं. सगळी मुलं एका घरात मावत नसत, म्हणून त्यांची विभागणी करत, आणि तीही रोज बदलत. यात सोय होती, पण सोयीपेक्षा काकांना त्यातलं तत्त्व प्रिय होतं. ते म्हणत, "सुगीत धान्य आपलं होतं, तशी मुलंही आपली होऊ देत. आत्मा एक, तर लेकरू तरी वेगळं कसं?" मला अजून दिसतं ते. सूर्य डोंगराआड जातोय, खळ्यावर धूळ तरंगतेय आणि लहान लहान मुलं काखेत वाकळेची गुंडाळी धरून एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरताहेत. आम्ही मोठ्या मुली स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपत असू, त्यामुळे आम्हांला फेरा नसे. तेव्हा ते दृश्य बघून मला हसू यायचं. आज येत नाही.

सुशी माझी धाकटी बहीण. चार वर्षांची असेल. गालाने गुबगुबीत, आणि आवाज असा खणखणीत की ओढ्यापलीकडून हाक मारली तरी शेतात ऐकू यावी. चिमण्या हाकलायचं काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. खळ्याच्या कडेला उभी राहून ती चिमण्यांना मोठ्या माणसासारखी रागवायची. "लाज नाही वाटत? दुसऱ्याचं खाता?" बायका पोट धरधरून हसायच्या. आई हसायची नाही. ती नुसती बघत राहायची, आणि ते बघणंच तिला बाधलं.

झालं असं, की आश्विनातल्या बैठकीत इंदूआईने अगदी सहज, काही मनात न ठेवता म्हटलं, की सरू वाढताना सुशीच्या पानात तूप जरा जास्त सोडते. ऐक्यवाडीत दोष असा उघड सांगायचा आणि ऐकणाऱ्याने आभार मानायचे, अशी पद्धत होती. आईने आभार मानले. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. मग तिने आपण होऊनच सांगितलं, "या सुगीत मी सुशीला जवळ घेणार नाही. तिच्या पंगतीला वाढणारसुद्धा नाही." काका प्रसन्न हसले. बाबा घरी आल्यावर म्हणाले, "चांगला निश्चय केलास." आई दिव्याची काच पुसत होती. ती म्हणाली, "बघू या जमतंय का." आणि तिला ते जमलं. एकदा बोललेला शब्द मोडायचा नाही, हा तिचा स्वभाव. तो चांगलाच म्हणतात सगळे.

त्या वर्षी धुकं फार पडलं. उन्हं वर आली तरी विसापूरचा कडा दिसायचा नाही, आणि कापणाऱ्या बायका जवळ असूनही नुसता त्यांच्या विळ्यांचा आवाज यायचा. आंबेमोहोर चांगला आला होता, लोंब्या वाकल्या होत्या. शेजारच्या गावच्या बायका इर्जिकीला येत, म्हणजे आज त्या आमच्या शेतात तर उद्या आम्ही त्यांच्या. त्यांच्यात ठकूबाई नावाची एक होती. तोंडाची तिखट. आमच्या वाडीची तिला भारी गंमत वाटे.

"बाय, यातली तुजी कंची गं?" खळ्यावरच्या मुलांकडे विळा दाखवून तिने आईला विचारलं.

"सगळी आमचीच," आई म्हणाली. असंच उत्तर द्यायचं असे.

"व्हय? समद्यास्नी तूच दूद पाजलंस व्हय? लय दूद बया तुला!"

शेतभर हशा पिकला. आईलाही हसू आवरेना. तिची नजर एकदा सुशीकडे जाऊन आली. ठकूबाईने ते बरोबर टिपलं आणि "आसं व्हय" म्हणून ती पुढच्या सरीला लागली.

त्याच ठकूबाईने एके सकाळी बातमी आणली, की डोंगराच्या अंगाच्या धनगरवस्तीत एक पोर घसा धरून गेलं. "बाहेरचं व्हतं म्हन्त्यात. यका दिसात आवाजच ग्येला त्याचा," ती म्हणाली आणि तिने बोटं मोडली. काकांना ऐकून फार वाईट वाटलं. दुसऱ्याचं दुःख ते आपलं, असं ते नुसतं म्हणत नसत, तसे वागत. त्यांनी वस्तीवर तांदूळ पाठवले आणि दोघी-तिघींना त्या घरी भेटून यायला सांगितलं. लेकरू गेलेल्या घरी लेकरं आली की तेवढंच बरं वाटतं, म्हणून त्या बायका मुलांनाही बरोबर घेऊन गेल्या. सुशी तिथून परत आली ती एका मेंढीच्या कोकराबद्दल बडबड करतच. त्या घरच्या बाईने तिला मांडीवर घेतलं होतं आणि खूप वेळ सोडलंच नव्हतं म्हणे.

मग कापणी जोरात आली. भारे बांधायचे, खळ्यावर आणायचे, फळीवर झोडपायचे, पेंढ्याच्या उडव्या रचायच्या. अंगाला भाताची कुसळं लागून सगळ्यांची अंगं खाजत होती. माणसं दमून बोलेनाशी झाली होती. मी खळ्यावर पाणी नेऊन देत असे. एका दुपारी मला जाणवलं की खळ्यावर चिमण्यांचा थवा निवांत टिपतोय आणि त्यांना कोणीच हाकलत नाहीये. सुशी उडवीला टेकून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना खाऊ दे." मला वाटलं, शहाणी झाली.

प्रार्थनेत लहान मुलांनी एकेक ओळ म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती उचलायची, असं असे. त्या संध्याकाळी सुशीची पाळी आली. अंगणात अंधारून आलं होतं, समई लावलेली होती. सुशीने तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते ऐकून आधी एक-दोन मुलं हसली. घोगरा, फुटका, म्हाताऱ्या माणसाचा वाटावा असा आवाज. ओळ अर्धी राहिली. गंगाआईने चटकन ती पुरी केली आणि प्रार्थना पुढे चालू झाली. डोळे मिटलेल्या त्या सगळ्या माणसांत मला आईचे डोळे तेवढे उघडे दिसले. ती सुशीकडे बघत होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

प्रार्थना संपल्यावर ती सरळ काकांकडे गेली. मी तिच्या मागोमाग गेले होते, खांबाशी उभी होते. 

"काका, आजची रात्र सुशी माझ्याकडे राहू दे. तिचा आवाज मला बरा वाटत नाही."

काका लगेच नाही म्हणाले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं. "थंडी पडलीये सरू, मुलांचे आवाज बसतातच. आज ती इंदूकडे आहे. इंदू तिला जपणार नाही का?"

इंदूआई तिथेच उभी होती. ती म्हणाली, "अगं, मी आल्याचा रस देईन, शेकेन. तू काळजी करू नकोस."

"तसं नाही हो. एक रात्र फक्त," आई म्हणाली.

काका फार मायेने म्हणाले, "आज तू सुशीला घेशील. उद्या इंदूला वाटेल तिने तिच्या बाळूला घ्यावं. मग फेरा कशाला, आणि वाडी तरी कशाला? मला एवढंच सांग, या सगळ्यांवर तुझा भरवसा आहे ना?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. कोणाच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला झिडकारता येतं, भांडता येतं, हात धरून पोराला ओढून नेता येतं. आई एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. यांतल्या एकीने तिचं बाळंतपण केलं होतं, एकीने तिच्या तापात रात्री जागवल्या होत्या.

"भरवसा आहे," ती म्हणाली.

सुशी इंदूआईच्या मागे मागे निघून गेली. वाकळ तिच्याच्याने उचलत नव्हती, म्हणून इंदूआईने घेतली.

दुसऱ्या दिवशी आई कापणीला होती. मी पाण्याची घागर घेऊन बांधावर पोचते तोच ठकूबाई खळ्याकडून ओरडत आली, "सरूबाय, तुजी बारकी बग कशी करती! घशात लय वंगाळ वाजतंय तिच्या. गिळाया येत न्हाई. कुनाची तरी दिष्ट लागली. मीट-मोहरी टाक ववाळून!"

आईने विळा टाकला. ती पळत गेली ती खाचरातल्या कापलेल्या भाताच्या टोकदार धसांवरून, अनवाणी, सरळ. खळ्याशी सुशी बसली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि गळा जबड्याइतका रुंद झाला होता. आईने तिला उचललं आणि कोणाला न विचारता मळवलीची वाट धरली. त्या वेळी तिने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण ऐक्यवाडीत आजाऱ्याला एकटं डॉक्टरकडे नेत नसत. ज्यांनी त्याची देखभाल केली त्या सगळ्या बरोबर जात. त्याप्रमाणे गेल्या चार रात्री ज्यांच्या ज्यांच्या घरी सुशी झोपली होती त्या चौघीजणी मागून धावत आल्या. बाबाही आले. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले. लोणावळ्यापर्यंत गाडीत फक्त सुशीचा श्वास ऐकू येत होता, आणि डब्यातली इतर माणसं हळूहळू सरकून दूर बसली.

लोणावळ्याच्या बाजारात एका वयस्क डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी सुशीला खिडकीशी नेलं, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबून आत पाहिलं आणि चमचा उकळत्या पाण्यात टाकला.

"घटसर्प आहे," ते म्हणाले. "आई कोण?"

"मी."

"केव्हापासून आजारी आहे ही?"

आई त्या चौघींकडे वळली. डॉक्टर वैतागले. "अहो, मी तुम्हांला विचारतोय. त्यांच्याकडे काय बघता?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली.

मग एकेक बोलू लागली. गंगाआई म्हणाली, माझ्याकडे होती तेव्हा नुसती जेवली नाही, मला वाटलं दुपारी कुठे काही खाल्लं असेल. दुसरी म्हणाली, माझ्याकडे अंगात कणकण होती, उन्हात खेळली म्हणून मी लवकर निजवलं. तिसरी म्हणाली, माझ्याकडे जरा गळा धरला होता, पण सकाळी हसली होती. इंदूआई सगळ्यांत शेवटी, खाली बघून म्हणाली, "काल गळा भरल्यासारखा वाटला. मला वाटलं, सुशी गुबगुबीतच आहे." एकीही खोटं बोलत नव्हती. प्रत्येकीने आपला दिवस नीट सांभाळला होता, आल्याचा रस दिला होता, पांघरूण घातलं होतं. सगळे दिवस सलग असे कोणाजवळच नव्हते. आणि जिच्याजवळ असायचे, ती आपला शब्द पाळत होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे ही रोज वेगळ्या घरी झोपते?"

"हो."

"तिथे आणखी मुलं असतात?"

"असतात."

"एकाच अंथरुणात?"

इंदूआईने मान हलवली. थंडीचे दिवस, एका वाकळेखाली चार-चार मुलं. दुसरं काय असणार?

"मग इथे काय उभ्या राहिलात?" डॉक्टर ओरडलेच. "घरी जा! प्रत्येकीने आपापल्या पोराचा घसा बघा!"

मी त्या बायकांची तोंडं त्या क्षणी पाहिली आहेत. ती विसरायची म्हटली तरी विसरता येत नाहीत. एवढी वर्षं सगळ्या मुलांना ज्यांनी आपलं म्हटलं, मनापासून म्हटलं, त्यांच्या तोंडावर एकदम एकाच मुलाचं नाव आलं. गंगाआई तर ते पुटपुटतच निघाली. पायऱ्यांवरून धडपडत त्या रस्त्यावर गेल्या आणि स्टेशनच्या दिशेने पळत सुटल्या. पदर खांद्यावरून घसरले, एकीची वहाण रस्त्यात राहिली. इंदूआईने तेवढं वळून आईकडे पाहिलं. क्षणभर तिचा पाय अडला. मग तीही पळाली. मला तेव्हा तिचा राग आला नाही आणि आजही येत नाही. ऐक्यवाडी मोडली ती तिथे, लोणावळ्याच्या भर बाजारात. पुढे झालं ते नुसतं आवरणं होतं.

औषध पुण्याहून आणावं लागणार होतं. डॉक्टरांचा माणूस आणि बाबा मिळेल त्या गाडीने गेले. संध्याकाळी ते घेऊन आले तेव्हा सुशीला त्याचा उपयोग उरला नव्हता. डॉक्टर तसेच टांगा करून वाडीवर गेले. दोन मुलांचे घसे धरले होते, त्यांतला एक इंदूआईचा बाळू. त्यांना ते औषध दिलं गेलं आणि दोघंही वाचली. बाळू आता रेल्वेत आहे असं ऐकते. चांगलं झालं. मी हे मनापासून म्हणते, तरी म्हणताना दर वेळी थोडी थांबते.

त्या दिवसापासून फेरा झाला नाही. कोणी बंद करा म्हणून सांगितलं नाही, मुलं आपली बाहेर पडली नाहीत. मग हळूहळू घराघरांतून वेगळा धूर निघू लागला. कोणी पुण्याला गेलं, कोणी कल्याणला. खळ्यावरच्या उडव्या तशाच राहिल्या आणि रानडुकरांनी त्यांची धूळधाण केली, असं ठकूबाईने नंतर वडगावच्या बाजारात भेटल्यावर सांगितलं. ती आईला धरून रडली. आमच्या माणसांपैकी आईला असं धरून कोणी रडलं नव्हतं. त्यांना तेवढा धीर झाला नसावा.

काका मागे राहिले. एकटेच. काही वर्षांनी एकदा ते तळेगावला आमच्या दारात आले. आणखीनच वाळलेले, अंगात दुसऱ्या कोणाचा तरी ढगळ सदरा. आईने त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, "सरू, मी चुकलो." आवाज तसाच मऊ. मला वाटलं आई आता बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं बोलेल. मीच आतून उकळत होते. त्या संध्याकाळी एकदा, फक्त एकदा, ते हो म्हणाले असते तर?

आई म्हणाली, "तुम्ही मला भरवसा आहे का म्हणून विचारलंत. मी आहे म्हणाले. तो खराच होता, काका."

ते उठून गेले. पाणी तसंच राहिलं होतं. आईने ते झाडाला घातलं. त्यानंतर त्यांची काही खबर नाही.

सुशीच्या त्या दुपारबद्दल मी आईशी कधी बोललेले नाही आणि ती माझ्याशी बोललेली नाही. बाबा पुण्याला गेलेले, बायका पळून गेलेल्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघीच होतो. डॉक्टर मधून मधून येऊन वाफ देत, नाडी बघत आणि जात. आडवं केलं की सुशीचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून आई तिला मांडीवर उभं धरून बसली होती. बाहेर बाजार चालला होता. कोणीतरी टोपल्यांवरून घासाघीस करत होतं. भिंतीवर उन्हाचा पट्टा होता, तो तिरपा होत होत दारापर्यंत गेला.

सुशीने डोळे उघडले आणि त्या पट्ट्याकडे पाहिलं. एकदम तिची चुळबुळ सुरू झाली. ती मांडीवरून उतरायला बघू लागली, हाताने बाजूला काहीतरी चाचपू लागली. आईला कळेना काय हवंय. तिने सुशीच्या तोंडाला कान लावला. आवाज जवळजवळ नव्हताच. दोनदा म्हणावं लागलं तिला.

"आज कोणाकडे जायचं?"

आईने तिचा चाचपणारा हात हातात घेतला.

"कुठेच नाही. आज माझ्याकडे."

सुशी तिच्याकडे बघत राहिली. खरं सांगतेय की नाही, हे ठरवत असल्यासारखी.

"उद्या?"

"उद्यापण माझ्याकडेच," आई म्हणाली.

मग सुशीने उतरायची धडपड सोडून दिली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. थोड्या वेळाने तिच्या घशातला तो आवाज थांबला. पुण्याची गाडी यायला अजून बराच अवकाश होता, आणि आई तिला तशीच धरून बसून राहिली.